कृष्णविवराच्या पोटातली शिरगणती

२०११ साली अतीश दाभोलकर, जुआव गोमेस आणि समीर मूर्ती या तिघांनी गुरुत्वाकर्षणाचं एक अवघड गणित सोडवलं. उत्तर आलं ३८.९८६. हेच उत्तर वेगळ्याच वाटेनं आधीपासून ठाऊक होतं: ३९. पहिल्या वाटेवर वाकलेलं अवकाश होतं, कृष्णविवर होतं, आइन्स्टाइनच्या समीकरणांचा सगळा पसारा होता. दुसऱ्या वाटेवर कृष्णविवराचं नावही नव्हतं. तिथे होती निव्वळ मोजणी, धान्याचे दाणे मोजावेत तशी. दोन वाटा आल्या कुठून कुठून, आणि एकमेकींपासून चौदा सहस्रांशांवर येऊन ठेपल्या. ते कोष्टक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आजही येतो.

हे ३९ म्हणजे काय? बाहेरून अगदी एकसारखं दिसणारं एक कृष्णविवर आतून किती तऱ्हांचं असू शकतं, त्या तऱ्हांची ही संख्या. कृष्णविवराला ‘आतून तऱ्हा’ असतात, हेच मुळात पन्नासेक वर्षांपूर्वी कुणी मानायला तयार नव्हतं. त्यामुळे गोष्ट जरा मागून, स्वयंपाकघरातल्या डब्यापासून सांगायला हवी.

डब्यात खाली तांदूळ आणि वर मुगाची डाळ घाला आणि डबा हलवा. दोन्ही मिसळतात. मग दिवसभर डबा हलवत बसलात तरी ते पुन्हा वेगळे होत नाहीत. का? तांदळाचे चार आणि डाळीचे चार असे आठच दाणे आठ घरांत ठेवायचे म्हटले, तर ते ठेवण्याच्या ७० रीती आहेत. त्यांपैकी एकाच रीतीत सगळे तांदूळ खालच्या चार घरांत असतात. आठ दाण्यांची ही कथा, तर डबाभर दाण्यांत मिसळलेल्या रीती इतक्या प्रचंड आणि वेगळं होण्याच्या इतक्या थोड्या, की वेगळं होणं घडतच नाही. वरून आपल्याला एकच गोष्ट दिसते, ‘मिसळलेलं धान्य’. आत मात्र तिच्या असंख्य रचना दडलेल्या असतात. त्या रचनांची संख्या किती, हे सांगणारी राशी म्हणजे एन्ट्रॉपी. संख्या अवाढव्य असते म्हणून तिचा लॉगरिदम घ्यायचा, इतकंच. लुडविग बोल्ट्समनचं हे सूत्र व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीच्या दगडावर कोरलेलं आहे.

बोल्ट्समनच्या काळी अणू कुणी पाहिलेला नव्हता. अनेक मोठे शास्त्रज्ञ अणू ही निव्वळ सोयीची कल्पना मानत होते. त्याचं म्हणणं असं, की वायूला तापमान आहे, एन्ट्रॉपी आहे, याचाच अर्थ आत मोजण्याजोगं काहीतरी आहे. १९०६च्या सप्टेंबरात आजच्या इटलीतल्या त्रिएस्ते शहराजवळच्या दुइनो गावी त्यानं आयुष्य संपवलं. अणूंबद्दलचा त्याचा विश्वास खरा ठरल्याचं पाहायला तो राहिला नाही. त्याच त्रिएस्तेमध्ये १९६४ साली अब्दुस सलाम यांनी सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभारलं. कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बरीच वर्षं काम केलेले अतीश दाभोलकर २०१९मध्ये त्या केंद्राचे संचालक झाले. बोल्ट्समनला वायूच्या पोटात जे मोजायचं होतं, ते कृष्णविवराच्या पोटात मोजण्यात दाभोलकरांच्या कामाचा मोठा भाग गेला आहे.

आता कृष्णविवराकडे येऊ. पृथ्वी दाबून दाबून गोटीएवढी केली तर तिचं कृष्णविवर होईल. सूर्याचं करायचं तर त्याला तीन किलोमीटर त्रिज्येत कोंबावं लागेल. त्याभोवती एक सीमा तयार होते, घटनाक्षितिज. तिच्या आत गेलेला प्रकाशही परत येत नाही. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेनुसार अशी वस्तू कमालीची साधी असते. तिचं वस्तुमान, तिचा विद्युतभार आणि ती किती वेगानं फिरते एवढं सांगितलं, की सांगण्यासारखं दुसरं काही उरत नाही. ती ताऱ्यापासून झाली की पुस्तकांच्या ढिगापासून, हे ओळखायला काडीचाही मार्ग नाही. प्रिन्स्टनचे जॉन व्हीलर म्हणत, कृष्णविवराला केस नसतात.

व्हीलरांनी आपल्या जेकब बेकेनस्टाइन या विद्यार्थ्यापुढे एक पेच टाकला. गरम चहा गार चहात ओतला की जगातली एन्ट्रॉपी वाढते आणि ती कायमची वाढते. पण तो कप कृष्णविवरात टाकून दिला तर? पुरावाच नाहीसा. एन्ट्रॉपी कधीच घटत नाही हा नियम मग कुठे राहिला? काही महिन्यांनी बेकेनस्टाइन उत्तर घेऊन आला: कृष्णविवरालाच एन्ट्रॉपी असली पाहिजे आणि ती त्याच्या घटनाक्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असली पाहिजे. हे क्षेत्रफळ कधीच घटत नाही, दोन कृष्णविवरं एक झाली तर नव्याचं क्षेत्रफळ दोघांच्या बेरजेहून कमी भरत नाही, हे स्टीफन हॉकिंगनं १९७१मध्ये दाखवलेलं होतंच. क्षेत्रफळाच्या या नियमाचा पुरावा आता आकाशातूनही आला आहे. जानेवारी २०२५मध्ये लायगोच्या वेधशाळांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरींत, प्रत्येकी सूर्याच्या तीसपस्तीस पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाल्याचं दिसलं. दोघांचं मिळून क्षेत्रफळ होतं सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. विलीन झाल्यावर ते सुमारे ४ लाख भरलं. आपला महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे महाराष्ट्राहून लहान दोघं मिळून महाराष्ट्राहून बराच मोठा एक झाला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा होणार आहे, तिथेही पुढे अशीच मोजमापं होतील.

हॉकिंगला मात्र बेकेनस्टाइनचं म्हणणं मुळीच पटलं नव्हतं. एन्ट्रॉपी असेल तर तापमान हवं, तापमान असेल तर वस्तूनं उष्णता बाहेर टाकायला हवी, आणि कृष्णविवरातून तर काहीच बाहेर येत नाही. हे खोडून काढण्याच्या हिरीरीत त्यानं कृष्णविवराशेजारच्या पोकळीला पुंजयामिकीचे, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचे नियम लावून पाहिले. १९७४ साली निघालं ते नेमकं उलटं: कृष्णविवर उष्णता बाहेर टाकतं. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या सुमारे दीड कोटीव्या भागाएवढं, म्हणजे मोजता न येण्याजोगं. पण शून्य नाही. त्यावरून एन्ट्रॉपीचं सूत्रही नक्की झालं. घटनाक्षितिजाच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी मिळून ठरवतात तेवढे इवलेसे चौकोन आखायचे, प्रत्येकाची बाजू सुमारे एका मीटरचा एकावर पस्तीस शून्यांनी भागलेला भाग. चौकोन मोजायचे आणि चारानं भागायचं. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं उत्तर येतं एकावर ७७ शून्यं. आजच्या सूर्याच्या एन्ट्रॉपीच्या हे अब्ज अब्ज पटींहूनही जास्त आहे.

या सूत्रात गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आहे, प्रकाशाचा वेग आहे, प्लांकचा स्थिरांक आहे आणि बोल्ट्समनचाही आहे. भौतिकशास्त्राची सगळी घराणी एका ओळीत बसलेली दुसरीकडे क्वचितच सापडतील. आणि ही ओळ एक प्रश्न विचारते: एन्ट्रॉपी आहे, म्हणजे आत मोजण्याजोगं काहीतरी आहे. मग ते कुठे आहे? आइन्स्टाइनच्या कृष्णविवरात तर केसही नाही.

याच्या जोडीला दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि त्यानं पुंजयामिकीच्या मुळालाच हात घातला. होळीत एखादी वही टाकली तर ती जळून राख होते. पण राखेचा कण न् कण, धुराची रेघ न् रेघ, उजेडाचा प्रत्येक किरण जर कुणी अचूक टिपला, तर तत्त्वतः गणित उलटं फिरवून वहीत काय लिहिलं होतं ते सांगता येईल. पुंजयामिकीचं हे अगदी पायाभूत म्हणणं आहे: आजच्या स्थितीतून उद्याची एकच स्थिती निघते आणि उद्याच्या स्थितीवरून आजचीही एकच. माहिती पुसली जात नाही. हॉकिंगच्या गणितात मात्र कृष्णविवरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर आत पडलेल्या वस्तूची कसलीच खूण नव्हती. वही टाका नाहीतर धोंडा टाका, बाहेर येणारी ऊब तीच. आणि अशी ऊब देत देत कृष्णविवर शेवटी संपून जातं. सूर्याएवढ्याला त्यासाठी एकावर ६७ शून्यं एवढी वर्षं लागतील. पण वेळ किती लागतो हा मुद्दाच नाही. शेवटी वहीही नाही, राखही नाही, उरली ती सगळीकडे सारखी ऊब. १९७६मध्ये हॉकिंगनं सांगून टाकलं की पुंजयामिकीचा हा नियम कृष्णविवरापाशी मोडतो.

माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. कृष्णविवराच्या अंतरंगाच्या तऱ्हांची यादी असेल, प्रत्येक तऱ्हा दुसरीपासून वेगळी ओळखता येत असेल, तर वहीतला मजकूर त्या यादीत कुठेतरी नोंदलेला राहील. यादी नसेल तर तो गेलाच. आणि पुंजयामिकीत अशी यादी नेहमी सुट्या सुट्या नोंदींची असते. अणूतल्या इलेक्ट्रॉनला पहिली पायरी असते, दुसरी असते, दीडावी नसते. कृष्णविवर खरोखर पुंजयामिकीच्या राज्यातलं असेल, तर त्याच्या तऱ्हांची संख्या पूर्णांकच असली पाहिजे. अडतीस चालेल, एकोणचाळीस चालेल, साडेअडतीस चालणार नाही.

इथे तंतुसिद्धांत, स्ट्रिंग थिअरी, प्रवेश करतो. जगातले मूलकण हे बिंदू नाहीत, अतिसूक्ष्म तंतूंची ती निरनिराळी कंपनं आहेत, असं तो मानतो. तंबोऱ्याजवळ बसलेल्याला हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार ऐकू येतो. तो गंधार कुणी वाजवलेला नसतो. तार अख्खी हलते तशीच ती दोन भागांत, तीन भागांत, पाच भागांतही हलत असते, आणि पाच भागांतलं ते हलणं म्हणजे तो गंधार. एका तारेत असे कितीतरी स्वर एका वेळी नांदतात.

मूलभूत तंतूच्या बाबतीत प्रत्येक स्वराची किंमत ठरलेली आहे. पहिल्या स्वराला ऊर्जेचं एक नाणं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. खिशात चार नाणी असतील तर ती किती तऱ्हांनी खर्चता येतील? चौथा स्वर एकदा. तिसरा आणि पहिला. दुसरा दोनदा. दुसरा एकदा आणि पहिला दोनदा. पहिलाच चारदा. एकूण पाच. गणिती याला पूर्णांकाची विभाजनं म्हणतात. नाणी शंभर झाली तर तऱ्हा होतात १९,०५,६९,२९२. पण तंतू एकाच दिशेला हलत नाही. इथे ज्या प्रकारच्या तंतूचा हिशेब लागतो त्याला हलायला २४ दिशा असतात. एक नाणं असेल तर पहिला स्वर २४ दिशांपैकी कुठल्याही दिशेला, म्हणून तऱ्हा २४. दोन नाणी असतील तर दुसरा स्वर एकदा, त्याच्या २४, आणि पहिला स्वर दोनदा, त्याच्या जोड्या ३००, मिळून ३२४. तीन नाण्यांना ३२००. चार नाण्यांना २५,६५०. वाचकानं कागद घेऊन तीन नाण्यांचा हिशेब स्वतः करून पाहावा. भौतिकशास्त्राच्या सर्वांत पुढच्या टोकाला चाललेलं काम शाळेतल्या मांडण्या-निवडीच्या धड्यानं हाताला लागतं, याचा आनंद काही औरच आहे.

एवढा ऊर्जावान तंतू म्हणजे पुष्कळ वस्तुमान इवल्याशा जागेत. त्याचं कृष्णविवर होणार नाही का? लेनर्ड ससकिंडनं १९९३च्या सुमारास हा विचार मांडला. १९९५मध्ये अशोक सेन यांनी एका खास जातीच्या कृष्णविवरासाठी तो पडताळून पाहिला: तंतूच्या तऱ्हांची संख्या विद्युतभारांबरोबर जशी वाढते, तशीच क्षेत्रफळावरून काढलेली एन्ट्रॉपीही वाढते. पुढचा गुणांक मात्र तेव्हा ठरवता येत नव्हता. तो नेमका जुळवला १९९६च्या जानेवारीत अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा या दोघांनी. त्यांनी घेतलेल्या कृष्णविवराला अवकाशाच्या चार आणि काळाची एक अशा पाच मिती होत्या. ते तंतूंना धरून ठेवणाऱ्या पडद्यांपासून, डी-ब्रेन्सपासून बनलेलं होतं. या पडद्यांचं महत्त्व जोसेफ पोल्चिन्स्कीनं नुकतंच, १९९५मध्ये, दाखवून दिलं होतं. मोजणीचं उत्तर आणि क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा, दोन्ही मोठ्या कृष्णविवरांसाठी तंतोतंत एक निघाले. भागाकारातला चारसुद्धा जुळला.

पण कृष्णविवराच्या आत डोकावता येत नसताना मोजलं कसं? युक्ती अशी. एसटी स्टँडवर उभी आहे, माणसं एकेक करून चढताहेत. तेव्हाच मोजून घ्यायची. मग दार लागलं, काचा काळ्या झाल्या, गाडी धुक्यात शिरली, तरी वाटेत थांबा नसेल तर आतला आकडा तोच राहतो. तंतुसिद्धांतात गुरुत्वाकर्षणाची ताकद कमीजास्त करता येते. ताकद अगदी कमी असताना समोर कृष्णविवर नसतंच, असतात नुसते पडदे आणि तंतू, आणि त्यांच्या तऱ्हा सरळ मोजता येतात. मग ताकद वाढवत न्यायची. सगळं आवळलं जातं, घटनाक्षितिज तयार होतं, दार लागतं. आकडा मधल्या मध्ये बदलू नये याची हमी महासममिती देते, म्हणजे सुपरसिमेट्री. ही हमी ज्यांना मिळते तीच कृष्णविवरं मोजता येतात. ती विद्युतभारानं पूर्ण भारलेली, शून्य तापमानाची, निश्चल कृष्णविवरं. वाटेत न थांबणाऱ्या गाड्या.

१९९६ हे वर्ष पुढेही भरभराटीचं गेलं. किंचित ऊब दिलेल्या अशा कृष्णविवरातून ऊर्जा कोणत्या वेगानं बाहेर पडते याचा हिशेब सुमित दास आणि समीर माथुर यांनी तंतूंच्या भाषेत केला. टाटा संस्थेतल्या अविनाश धर, गौतम मंडल आणि स्पेंटा वाडिया यांनीही तेव्हाच याच प्रश्नावर काम केलं. तंतूंच्या भाषेत चित्र साधं आहे: पडद्यावर एक कंपन डावीकडे चाललंय, एक उजवीकडे, दोन्ही भेटतात आणि ऊर्जेचा एक पुंज सुटून बाहेर जातो. निखाऱ्यातून उजेड सुटतो तसा. हॉकिंगचीच ऊब, तोच वेग, आणि पुंजयामिकीचा एकही नियम कुठे मोडलेला नाही. वहीतला मजकूर बाहेर पडणाऱ्या पुंजांत पसरून येतोय, फक्त तो वाचणं महाकठीण आहे. १९९७मध्ये हुआन माल्दासेना यांनी याच धाग्यावरून पुढे जाऊन असं सुचवलं, की एका विशिष्ट आकाराच्या विश्वातलं सगळं गुरुत्वाकर्षण, कृष्णविवरांसकट, त्याच्या सीमेवरच्या गुरुत्वाकर्षण नसलेल्या साध्या पुंजयामिकीशी शब्दशः एकरूप आहे. सीमेवर माहिती पुसली जात नाही, म्हणजे आतही पुसली जाणार नाही.

जानेवारी २००१मध्ये तंतुसिद्धांताची जागतिक परिषद मुंबईला टाटा संस्थेत भरली. हॉकिंग तिला आला होता, त्याचा ५९वा वाढदिवस मुंबईतच झाला. माहिती नष्ट होते या आपल्या मतावर तो तेव्हाही ठाम होता. १९९७मध्ये त्यानं जॉन प्रेस्किलशी तशी पैजही लावलेली होती. २००४मध्ये डब्लिनच्या परिषदेत त्यानं पैज हरल्याचं जाहीर केलं आणि ठरल्याप्रमाणे ज्ञानकोश, बेसबॉलचा, प्रेस्किलच्या हाती दिला. आपल्याच सर्वांत गाजलेल्या दाव्यावरून जाहीरपणे मागे येणं सोपं नसतं. हॉकिंगच्या मोठेपणात मी हेही धरतो.

आता पुन्हा ३९कडे. स्ट्रॉमिंजर-वाफांची जुळणी मोठ्या कृष्णविवरांपुरती होती. क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा हे सूत्रच मुळी मोठ्यांसाठी आहे, लहानांसाठी त्याला पुंजयामिकीच्या दुरुस्त्या लागतात. सर्वांत जास्त महासममिती असलेल्या सिद्धांतात एका जातीच्या कृष्णविवरांचा नेमका आकडा मोजता येतो. त्यांच्या भारांपासून बनणारी एक संख्या ७ असेल तेव्हा तऱ्हा असतात ३९. हॉकिंगचं साधं सूत्र या चिमुकल्या कृष्णविवराला लावलं तर उत्तर येतं ४०७२च्या आसपास. शंभरपटीची चूक! २००८मध्ये अशोक सेन यांनी दुरुस्त्यांसकट एन्ट्रॉपी काय असायला हवी याची काटेकोर व्याख्या दिली होती. दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या व्याख्येतली अनंत मितींची बेरीज एका सोप्या बेरजेवर आणून ठेवली, आणि ४०७२चे झाले ३८.९८६. ती संख्या १५ असेल तेव्हा मोजणी सांगते ५१३, गुरुत्वाकर्षण सांगतं ५१२.९५८. ११ असेल तेव्हा १५२ आणि १५२.०४१. गुरुत्वाकर्षणाचं गणित गुळगुळीत वक्रांचं, त्यात पूर्णांक कुठे लिहिलेले नसतात. तरी ते दर वेळी पूर्णांकाच्या उंबऱ्याशी येऊन उभं राहतं.

रामानुजनच्या वहीची ओळख असलेल्याला हे ओळखीचं वाटेल. १९१८मध्ये हार्डी आणि रामानुजन यांनी विभाजनांची संख्या सांगणारं सूत्र दिलं. त्यात वर्गमूळं होती, पाय होता, घातांकी फलं होती, म्हणजे मोजणीशी सुतराम संबंध नसलेल्या गोष्टी. शंभराची विभाजनं त्या सूत्रानं काढली. सहा पदांची बेरीज आली १९,०५,६९,२९१.९९६. मोजून काढलेला आकडा मी वर दिलाच आहे. पुढे १९३७मध्ये हान्स राडेमाखरनं सूत्र असं सुधारलं की सगळी पदं घेतली तर उत्तर बरोब्बर पूर्णांक येतं. कृष्णविवराच्या गणितात सापडलेलं ३८.९८६ म्हणजे अशाच सूत्राचं पहिलं पद आहे. १२ या संख्येसाठी पहिलं पद सांगतं २०८.४५५, जवळ तरी न पटणारं, कारण मोजणी २०८ आहे. तो ०.४५५ पुढची पदं खाऊन टाकतात, आणि अवकाशाच्या आणखी गुंतागुंतीच्या आकारांतून तीच पदं येतात असं दाभोलकर, गोमेस, मूर्ती यांनी नंतर दाखवलं.

रामानुजनचा याहून खोल धागाही इथे येतो. १९२०च्या जानेवारीत, मृत्यूच्या तीन महिने आधी, त्यानं हार्डीला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात सतरा विचित्र फलं होती. त्यांना तो मॉक थीटा म्हणत असे. ती नक्की काय आहेत हे २००२पर्यंत, सँडर झ्वेगर्सच्या प्रबंधापर्यंत, नीट कळलं नव्हतं. १९८७ साली रामानुजनच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत फ्रीमन डायसननं एक स्वप्न बोलून दाखवलं होतं, की तंतुसिद्धांतातल्या तरुणांना एक दिवस या फलांची गरज पडेल आणि ते पाहायला आपण असू. २०१२मध्ये दाभोलकर, मूर्ती आणि गणिती डॉन झागिए यांचा मोठा निबंध आला. काही सिद्धांतांत, लांबून एकच वाटणारं कृष्णविवर खरं म्हणजे एकमेकांना धरून असलेल्या दोघांची जोडी असू शकतं. मोजणीतून या जोड्या काढून टाकल्या आणि एकट्या कृष्णविवरांचा हिशेब उरवला, तर त्या हिशेबाचं फल रामानुजनच्या फलांच्याच कुळातलं निघतं. डायसन २०२०पर्यंत होता.

या सगळ्यात काय सिद्ध झालेलं नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. तंतुसिद्धांत निसर्गाचा सिद्धांत आहे याला प्रयोगाचा पुरावा मिळालेला नाही. महासममिती कुठल्या यंत्रात दिसलेली नाही. सिद्ध झालं आहे ते असं, की गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी एकाच छपराखाली नांदणारं, आतून सुसंगत, आणि कृष्णविवरांचा हिशेब शेवटच्या पूर्णांकापर्यंत लावणारं निदान एक गणिती जग आहे. हॉकिंगच्या १९७६च्या निष्कर्षाला एवढं उत्तर पुरेसं आहे. या वाटेला दुसरी वाटही आहे. महाराष्ट्रातच जन्मलेले अभय अष्टेकर यांनी घडवलेल्या पुंज-गुरुत्वाकर्षणाच्या वेगळ्या सिद्धांतात, अवकाश स्वतःच सुट्या तुकड्यांचं असतं आणि कुठल्याही साध्या कृष्णविवराच्या क्षेत्रफळाचे तुकडे मोजून एन्ट्रॉपी काढता येते. तिथे महासममितीची हमी लागत नाही, पण एक अंक बाहेरून बसवावा लागतो. दोन वाटांचा मेळ अजून लागलेला नाही.

माहिती नेमकी कशी बाहेर येते, हा प्रश्नही पुढे सरकला आहे. डॉन पेजनं १९९३मध्ये म्हटलं होतं, की माहिती टिकायची असेल तर बाहेर पडलेल्या उबेचा आत उरलेल्या कृष्णविवराशी असलेला गुंता आधी वाढत जाईल, मग एका क्षणानंतर घटत घटत शून्य होईल. हॉकिंगच्या गणितात तो नुसता वाढतच जात होता. २०१९मध्ये जेफ पेनिंग्टन यांनी एकट्यानं, आणि अल्मेहरी, एंगेलहार्ट, मारोल्फ व मॅक्सफिल्ड यांनी मिळून, हे वळण थेट गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून काढून दाखवलं. गुंता उलगडतो हे दिसलं, पण कोणत्या पुंजात वहीचं कोणतं अक्षर, हे अजून दिसत नाही.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ४० लाखांहून जास्त पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. २०२२मध्ये त्याची प्रतिमा प्रसिद्ध झाली, नारिंगी कड्यातला काळा डाग. ते विद्युतभारानं भारलेलं नाही, ते गरगर फिरतं, त्याला महासममितीची हमी नाही. वाटेत ठिकठिकाणी थांबणारी गाडी आहे ती. हॉकिंगच्या सूत्रानं त्याची एन्ट्रॉपी येते सुमारे दोनावर ९० शून्यं. तेवढ्या तऱ्हांची यादी त्या डागात कुठेतरी असली पाहिजे. तंतुसिद्धांताला तिच्यातली पहिली नोंदही अजून लिहिता आलेली नाही.